‘सिस्टर, मी परत येणार ना?’ : हृदयाच्या ऑपरेशनआधीच्या संध्याकाळी पेशंटशी काय बोलावं

एका तरुण स्टाफ नर्सचा प्रश्न आहे. दोन महिन्यांपूर्वी ती कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डला लागली. ती लिहिते, ‘आदल्या रात्री पेशंट हमखास विचारतात, सिस्टर, मी परत येणार ना? मी म्हणते, काही होत नाही, घाबरू नका, आणि पुढच्या कॉटवर जाते. पण त्यांचा चेहरा बघितला की कळतं, माझ्या बोलण्याचा उपयोग झालेला नाही. नेमकं काय बोलायचं? आणि बारा पेशंट हाताखाली असताना कधी बोलायचं?’

तुझ्या वयाच्या कितीतरी मुली माझ्यासोबत ड्युटी करत शिकल्या, म्हणून तुला ‘तू’च म्हणते. याच शहरात हार्टच्या वॉर्डात आणि आयसीयूत माझी बावीस वर्षं गेली. तू विचारलंस हे फार बरं केलंस. चेहरा बघून तुला कळलं, म्हणजे निम्मं काम तू आधीच करते आहेस.

‘काही होत नाही’ हे मीही पहिली दोन वर्षं रोज म्हणायचे. ते सुटलं एका काकांमुळे. भोगावतीकाठचे शेतकरी, साठीच्या आसपासचे, तीन ब्लॉक. आदल्या रात्री त्यांनी विचारलं, ‘लई दुखतंय का ओ?’ मी बीपीचा पट्टा सोडवत म्हणाले, ‘काही होत नाही काका, तुम्ही झोपेत असता. निवांत राहा.’ ऑपरेशन चांगलं झालं. चौथ्या दिवशी ते वॉर्डात परत आले. मी औषध द्यायला गेले तर हळूच म्हणाले, ‘तू म्हणालीस काय हुईत न्हाई. रातीला जाग आली तर तोंडात पाइप, हात कॉटला बांधल्यालं, आवाज फुटंना. मला वाटलं वाचाच गेली. आता पोरास्नी हाक कशी मारायची, ह्येच डोक्यात फिरत हुतं. पार उजाडस्तवर.’

ते रागावले नव्हते. तक्रारही करत नव्हते. पण ती रात्र त्यांनी एकट्यानं काढली होती, आणि आदल्या संध्याकाळी दोन मिनिटं बसून मी सांगितलं असतं तर ती तशी गेली नसती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की आहे. ऑपरेशन पेशंट बघत नाही, ते आपण बघतो. त्याच्या वाट्याला जे येतं ते भूल उतरल्यावर. डोळे उघडल्यावर काय दिसेल, काय ऐकू येईल, कुठं दुखेल, कोण जवळ असेल, हे त्याला आधी माहीत असायला हवं. धीर यातून येतो. ‘घाबरू नका’ म्हटलं की पेशंटला वाटतं, या बाईला पुढचं ऐकायचं नाही. तो गप्प होतो आणि आपल्याला वाटतं, शांत झाला.

सांगण्याआधी विचार. भीती मरणाचीच असेल असं धरून चालू नकोस. मी स्टूल ओढून बसते आणि एवढंच विचारते, ‘उद्याचं मनात आलं की सगळ्यात आधी काय डोक्यात येतं?’ मग गप्प बसते. हे गप्प बसणं सुरुवातीला फार जड जातं. आपल्याला सवय असते काहीतरी बोलून जागा भरायची. पण तिथं थांबलीस तर जे बाहेर येतं ते तुला पुस्तकात मिळणार नाही. एका मामांना काळजी होती की ऊसतोडीची टोळी आलीय, ऊस तुटून गेला नाही तर वाळून वजन उतरेल. एका आज्जींना वाटत होतं, दुसऱ्याचं रक्त चढवलं की आपला स्वभाव बदलेल. एका रिक्षावाल्या दादांचा सगळा जीव बिलात अडकलेला. आणि कितीतरी जण, शिकलेलेसुद्धा, एकच विचारतात, ‘हृदय बाहेर काढून टेबलावर ठेवतात का?’

ज्याची भीती बिलाची आहे त्याला ऑपरेशन समजावून सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या मुलाला तेव्हाच्या तेव्हा दवाखान्यात सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रांकडे पाठव. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केस बसते का, मंजुरी आली का, हे पेशंटच्या कानावर झोपण्याआधी पडू दे. त्या रिक्षावाल्या दादांचं बीपी गोळीनं उतरत नव्हतं. मंजुरी आल्याचं मुलानं सांगितलं आणि तासाभरानं मी परत मोजलं, तेव्हा ते खाली आलेलं होतं.

हृदय बाहेर काढतात का, हे विचारणाऱ्याला हसू नकोस आणि घाईत ‘छे छे’ही म्हणू नकोस. आपल्या भागातला शेतकरी पाण्याची भाषा चांगली जाणतो, मी तिथूनच सुरुवात करते. ‘पाटात गाळ बसला आणि पुढच्या वाफ्याला पाणी जाईना, तर तुम्ही काय करता? शेजारनं नवा चर काढता आणि पाणी फिरवून घेता. तसंच आहे. तुंबलेली रक्तवाहिनी उकरत नाहीत. पायातली किंवा छातीतली एक नस घेऊन शेजारनं नवी वाट करून देतात. हृदय जागेवरच असतं.’ एवढं सांगितलं की माणूस पुढचे प्रश्न स्वतः विचारू लागतो. पायाला टाके का, हाही प्रश्न त्यातच सुटतो. नाहीतर छातीच्या ऑपरेशनला पाय कशाला कापला म्हणून नंतर घरची माणसं हैराण होतात.

‘हृदय बंद करतात का?’ याचं उत्तर फाइल बघितल्याशिवाय देऊ नकोस. बायपास बऱ्याच वेळा चालत्या हृदयावर होते. वाल्व्हच्या, म्हणजे हृदयातल्या झडपेच्या, ऑपरेशनमध्ये मात्र बहुतेक वेळा हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ रक्त फिरवण्याचं, त्यात ऑक्सिजन मिसळण्याचं काम हार्ट-लंग मशीन करतं. निवृत्त शिक्षक असलेल्या एका गुरुजींना मशीनवरच भरवसा नव्हता. मी त्यांना सांगितलं की 1953 साली फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी या मशीनवर एका अठरा वर्षांच्या मुलीचं हृदय यशस्वीपणे दुरुस्त केलं, आणि तेव्हापासून ते वापरात आहे. गुरुजींनी बोटांवर वर्षं मोजली आणि म्हणाले, ‘म्हणजे मी शाळेत जायच्या आधीपासून.’ प्रत्येकाला इतिहास सांगायची गरज नसते. त्यांना तो लागत होता.

आता मुख्य गोष्टीकडे येते, कारण यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले. तोंडातली नळी.

पेशंटला सरळ सांग, ‘जाग येईल तेव्हा तोंडात श्वासाची नळी असेल. ती आवाजाच्या पट्ट्यांमधून जाते, म्हणून नळी आहे तोवर आवाज येणार नाही. वाचा गेली असं नाही. नळी निघाली की आवाज परत येतो. एखाददुसरा दिवस घसा बसल्यासारखा राहील.’ किती वेळ ठेवतात विचारलं तर तास ठरवून देऊ नकोस. कुणाची काही तासांत निघते, कुणाची दुसऱ्या दिवशी सकाळी. ‘तुम्ही स्वतः नीट श्वास घेऊ लागलात, हाताला जोर आला, रक्ताची तपासणी बरोबर आली की काढतात,’ हे सांग. हात बांधण्याचंही सांग. ‘गुंगीत माणूस नळी ओढतो म्हणून मऊ पट्टीनं हात सैल बांधतो. शिक्षा नाही ती.’ त्या काकांनी मला नंतर विचारलं होतं, ‘माझं काय चुकलं म्हणून बांधलं?’ तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही.

सांगून थांबू नकोस, तालीम घे. मी म्हणते, ‘काका, आता तोंड अगदी मिटा. आणि माझ्याकडं पाणी मागा.’ पहिल्यांदा सगळे गोंधळतात. हात वर करतात. मी हात हलकेच धरून खाली ठेवते, ‘हात बांधलेत असं समजा.’ मग बोटांवर ठरवतो. एक बोट उचललं की दुखतंय. दोन म्हणजे तहान लागलीय. तीन म्हणजे श्वासाला त्रास होतोय. हो म्हणायचं असेल तर माझा हात एकदा दाबायचा, नाही म्हणायचं असेल तर दोनदा. दोन-तीन वेळा करून घेते आणि तेच कागदावर लिहून फाइलच्या वर लावते, म्हणजे आयसीयूतल्या सिस्टरला आणि पेशंटला एकच भाषा कळते. हे विसरू नकोस. तू एक खूण शिकवलीस आणि रात्रीच्या सिस्टरला ती माहीत नसेल, तर पेशंट बोट उचलत राहतो आणि कुणी बघत नाही. ते न शिकवण्यापेक्षा वाईट.

तहानेचंही तेव्हाच सांग. नळी असताना पाणी देता येत नाही, ओल्या कापसानं ओठ पुसतो. ‘पाणी मागितलं आणि दिलं नाही’ हा राग लोकांच्या मनात फार दिवस राहतो, पण कारण आधी कळलं असलं तर राहत नाही. सक्शनचंही सांग. ‘नळीतला कफ काढताना काही सेकंद ठसका लागल्यासारखं, जीव घुसमटल्यासारखं वाटेल, पण तेवढंच.’ मशीनचे आवाज रात्रभर चालू असतात, ऑक्सिजन मोजणारा बोटाचा चिमटा सरकला तरी वाजतात, हे माहीत नसलं की प्रत्येक टिंगला माणूस आपलं काही खरं नाही असं समजतो.

आपल्याकडं गडहिंग्लज, आजरा, चंदगडचे पेशंट येतात तसे चिकोडी-निपाणीकडचेही येतात, कणकवली-सावंतवाडीचेही. कन्नड बोलणाऱ्या आज्जींना भूल उतरताना मराठी सुचत नाही. ‘नोवु’ म्हणजे दुखणं, ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘उसिरु’ म्हणजे श्वास. हे तीन शब्द पाठ करून ठेव. आज्जींच्या डोळ्यांत काय बदल होतो ते तू स्वतः बघशील. चष्मा आणि कानाचं मशीन कुणाकडं दिलंय हे फाइलवर लिही. शुद्धीवर आलेल्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही, अशा अवस्थेत त्याला गोंधळलेला ठरवणं सोपं असतं.

दुखण्याबद्दल खोटं बोलू नकोस. छातीचं मधलं हाड उघडून तारेनं परत बांधतात, ते दुखणारच. कुठं दुखेल, खोकताना जास्त दुखेल, उशी किंवा टॉवेलची गुंडाळी छातीशी घट्ट धरून खोकायचं, दुखणं वाढायच्या आधी सांगायचं, आम्ही औषध देतो, हे सगळं आधी सांग. काही डॉक्टर आणि सीनियर सिस्टरही म्हणतात की इतकं सांगितलं तर पेशंट जास्त घाबरतो. माझा अनुभव उलटा आहे, आणि एकटीचा नाही. 1964 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉ. एग्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाचं ऑपरेशन होणाऱ्या 97 पेशंटांचा अभ्यास छापला. त्यातल्या साधारण निम्म्यांना भूलतज्ज्ञांनी आदल्या रात्री बसून सांगितलं की दुखणं कुठं असेल, किती दिवस टिकेल, अंग सैल कसं सोडायचं, कूस कशी बदलायची. बाकीच्यांना नेहमीसारखंच ठेवलं. ज्यांना सांगितलं होतं त्यांना वेदनाशामक जवळजवळ निम्मंच लागलं, आणि कुणाला सांगितलंय हे ठाऊक नसलेल्या सर्जननी त्यांना सरासरी जवळपास तीन दिवस आधी घरी सोडलं. ‘फार सांगू नका’ असं कुणी म्हटलं की मी हे उदाहरण देते.

श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्र फिजिओ शिकवून जातात, तरी संध्याकाळी एकदा करून घे. दहातले नऊ जण फुंकतात. ओढायचं असतं. एक जुने पैलवान होते, तालमीत आयुष्य गेलेलं. ‘मला भ्या न्हाई सिस्टर, म्या काय लहान हाय?’ म्हणायचे. पण दर पंधरा मिनिटांनी बाथरूमला जायचे आणि मोबाइल उघडून नुसता बघत बसायचे. माझ्यासमोर त्यांनी यंत्र ओढलं तर एकच चेंडू वर गेला. ते एकदम खचले. मी त्यांना आठवण करून दिली की मेहनत ही रोज थोडी थोडी वाढवायची असते, हे त्यांनीच कितीतरी पोरांना शिकवलं असेल. त्या रात्री ते तासातासाला यंत्र घेऊन बसले. पुरुष माणूस, त्यातून गावात वजन असलेला, भीती तोंडानं सांगत नाही. त्याच्या हाताला काम दे.

आता तुझा खरा प्रश्न. ‘मी परत येणार ना?’

‘हो, नक्की’ म्हणू नकोस. ते तुझ्या हातात नाही, आणि पेशंटलाही ते माहीत असतं. टक्केवारीही सांगू नकोस. धोका किती हे त्याचं वय, किडनी, हृदयाची ताकद बघून सर्जन सांगतात. त्यांनी सांगितलेलं कळलं नसेल तर राऊंडला परत बोलायची विनंती कर, आणि त्या वेळी तिथं उभी राहा. मग तू काय सांगायचं? मी आधी हात धरते आणि म्हणते, ‘हे मनात येणारच, काका. सगळ्यांच्या येतं.’ मग जे मला माहीत आहे तेच सांगते. कुठले सर्जन आहेत, उद्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, किती माणसं तुमच्यासाठी असतील, बाहेर आल्यावर पहिले काही तास तुमच्या कॉटजवळ एक सिस्टर बसलेली असेल. आणि जे माझ्या हातात आहे तेवढंच कबूल करते, ‘सकाळी ओटीच्या दारापर्यंत मी सोबत येते.’ कबूल केलंस तर जा. ड्युटी संपली असली तरी जा. जमणार नसेल तर कबूलच करू नकोस.

काही जण निरवानिरव करायला लागतात. ‘कपाटाची चावी कुठं हाय ते पोराला सांगून ठेवतो.’ तेव्हा ‘असलं अभद्र बोलू नका’ म्हणून त्यांचं तोंड बंद करू नकोस. मुलाला बोलावून घे आणि पडदा ओढून बाहेर थांब. बोलून झालं की असे लोक चांगले झोपतात, मी बघितलंय.

नातेवाइकांचा एक प्रकार तुला आठवड्याला भेटेल. मुलगा दारातच गाठतो, ‘सिस्टर, आबांना बायपास म्हणू नका. आम्ही नुसती तपासणी हाय म्हणून आणलंय.’ हे प्रेमापोटी असतं, त्याच्यावर चिडू नकोस. पण यात सामील होऊ नकोस. मी त्याला बाजूला नेते आणि विचारते, ‘उद्या छातीला टाके बघून आबा विचारतील तेव्हा काय सांगणार? आणि संमतीच्या कागदावर सही त्यांनीच करायची आहे.’ मग विचारते, तुम्ही सांगता का, का आपण दोघं मिळून सांगूया? बहुतेक वेळा दोघं मिळूनच सांगतो. एकदा मुलगा धीर करून म्हणाला, ‘आबा, ऑपरेशन हाय.’ आबा शांतपणे म्हणाले, ‘म्हाईत हाय रं. तू रडशील म्हणून म्या गप हुतो.’ दोघंही चार दिवस एकमेकांना जपत होते.

बाहेर बसणाऱ्यांना वेळ सांगताना जप. ‘चार तास’ म्हटलंस तर पाचव्या तासाला बायको भिंतीला डोकं टेकून बसते. भूल, नळ्या, तारा यांनाच सुरुवातीचा तासभर जातो. ‘सकाळी नेलं तर दुपार उलटेल, कदाचित संध्याकाळही होईल, आणि उशीर झाला म्हणजे वाईट असं नाही’ हे सांग. कोण बाहेर येऊन निरोप देईल तेही सांग. वयस्कर पेशंट असेल तर अजून एक. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस काही जण भ्रमल्यासारखं बोलतात, गेलेल्या भावाला हाका मारतात, अंगावर मुंग्या चालल्यात म्हणतात. मेंदू बिघडला म्हणून घरचे हंबरडा फोडतात. बहुतेकांचं हे काही दिवसांत उतरतं, तोवर ओळखीचा आवाज आणि चष्मा फार कामाला येतो.

बायकांच्या वॉर्डात जरा वेगळ्या कानानं ऐकावं लागतं. बाई मरणाला भीत असतेच, पण तिला आधी लाज छळत असते. छाती उघडी पडणार, पुरुष डॉक्टर असणार, केस कोण काढणार. ती हे विचारणार नाही, तूच सांग. ‘अंगाची तयारी मी करणार, पडदा लावून. ओटीत जेवढा भाग लागतो तेवढाच उघडा ठेवतात, बाकी सगळं हिरव्या कापडानं झाकतात.’

एक पंचविशीतली मुलगी होती, लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं वाल्व्ह खराब झालेला. डॉक्टरांपुढं, नवऱ्यापुढं, सासूपुढं ती एक शब्द बोलली नव्हती. संध्याकाळी मी तिच्या केसांच्या दोन घट्ट वेण्या घालत होते, ओटीच्या टोपीत नीट बसाव्यात म्हणून. मी मागं उभी, तिचं तोंड भिंतीकडं. तेव्हा ती म्हणाली, ‘सिस्टर, ह्याच्यानंतर मला मूल होईल का?’ हा प्रश्न फक्त धीराचा नव्हता. धातूचा वाल्व्ह बसवला तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते. प्राण्याच्या ऊतींपासून केलेल्या वाल्व्हला बहुतेक वेळा ती जन्मभर लागत नाही, पण तो काही वर्षांनी झिजतो आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. मी वेणी पूर्ण केली आणि सर्जनना फोन लावला. ते रात्री परत आले, नवरा-बायकोसोबत अर्धा तास बसले. निर्णय त्या दोघांनी घेतला. वेणी घालताना बोलणं झालं नसतं तर तो त्यांच्या वतीनं दुसऱ्याच कुणीतरी घेतला असता. तुला वेळ मिळत नाही म्हणतेस ना, ही वेणी घालायला मला सात-आठ मिनिटं लागली होती.

दागिन्यांचं नीट सांभाळ. ‘मंगळसूत्र काढा’ असं दारातून ओरडून सांगितलेलं मी ऐकलंय. ते ऐकून त्या बाईच्या पोटात काय होत असेल! आधी कारण सांग. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेवर चालणारं हत्यार वापरतात, अंगावर धातू असेल तर तिथं चटका बसू शकतो. शिवाय मानेतून मोठी सुई घालायची असते. मग ते नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातात तिच्याच हातानं द्यायला लाव. जोडवी, नथ, करगोटा, सगळ्याला तेच. वारकरी तात्या असतील तर तुळशीची माळ काढताना त्यांचा हात थरथरतो. मी माळ स्वच्छ रुमालात गुंडाळून पिशवीत घालते, नाव लिहिते, मुलाकडं देते, आणि वॉर्डात परत आल्यावर पहिली ती गळ्यात पडेल असं सांगते. अंबाबाईचा अंगारा कपाळाला लावू दे, त्यानं काही बिघडत नाही. फक्त जंतुनाशक साबणाच्या आंघोळीनंतर छातीला, गळ्याला नको. पेढ्याचा प्रसाद मात्र डब्यात. सकाळी कुणीतरी मायेनं घोटभर चहा पाजतं आणि ऑपरेशन पुढं ढकलावं लागतं. ‘उपाशी ठेवा’ म्हणून ते थांबत नाही. ‘पोटात काही असलं तर भुलीत उलटी होऊन फुप्फुसात जाते’ म्हटलं की थांबतं. पाणी कधीपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे, आणि ते घरच्यांनाही सांग, पेशंटला एकट्याला नको.

दारू, तंबाखू, मिश्री याबद्दल घरचे बाहेर गेल्यावर विचार, आणि आवाजात दटावणं नको. रोजची दारू लपवली आणि आयसीयूत तिसऱ्या दिवशी हात कापायला लागले, तर कारण शोधत बसावं लागतं.

राहिला वेळेचा प्रश्न. वेगळा वेळ मिळणार नाही हे मला माहीत आहे. मला कधीच मिळाला नाही. बीपी घेताना, केस काढताना, वेणी घालताना, सलाईन लावताना तू तिथं असतेसच. बीपी घेताना विचार, केस काढताना ऐक. फक्त नळीची तालीम बसून कर, तिला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं औषधांच्या राऊंडनंतर, भेटीची वेळ संपण्याआधी ठेव, म्हणजे घरचं एक माणूसही ती खूण शिकतं. झोपेची गोळी दिल्यावर सांगायला जाऊ नकोस, सकाळी त्यातलं काही आठवत नाही.

आणि सकाळी ट्रॉलीवर पेशंट आडवा असतो, त्याला फक्त छताचे दिवे पळताना दिसतात. त्याच्या चेहऱ्यासमोर येईल अशी चाल, डोक्यामागून नको. ओटीत गार वाटेल हे आधी सांग आणि पांघरूण खांद्यापर्यंत ओढ. ओटीच्या सिस्टरच्या हातात फाइल देताना ‘बेड नंबर सातची बायपास’ म्हणू नकोस. मी म्हणते, ‘हे आमचे तात्या. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, उजवीकडून बोला. कवळी काढलीय, ती मुलाकडं आहे. एक बोट म्हणजे दुखतंय, दोन म्हणजे पाणी, तीन म्हणजे श्वास.’ तात्या हे सगळं ऐकत असतात. आपल्याबद्दल काय काय माहीत आहे या लोकांना, ते ऐकता ऐकता ते ओटीच्या दारातून आत जातात.